चालकाचं वजन

सेक्टर ३०, चंडीगड
८ सप्टेंबर २०२४

ती. अच्युतमामा,

साष्टांग नमस्कार. तुमच्या भाच्यानं हातानं लिहिलेलं हे बहुधा पहिलंच पत्र, तेव्हा अक्षराला हसू नका. मराठी लिहायची सवय आईनं लावली होती, ती मोडली मी. दिवसभर मोहालीच्या ऑफिसात कीबोर्ड बडवतो, त्यामुळे पेन हातात घेतलं की बोटं रुसतात.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. तुम्हाला ऐकू यावं म्हणून मला फोनवर इतकं ओरडावं लागतं की आमच्या अख्ख्या सरकारी कॉलनीला मजकूर कळतो. आणि मामींच्या व्हॉट्सॲपवर काही पाठवलं की संध्याकाळच्या आत ते आईकडे पोचतं. ही गोष्ट आईला कळता कामा नये. म्हणून हा कागद.

विषय आपल्या पॅलिओ गाडीचा आहे. आई जानेवारीअखेर प्रयोगशाळेतून रिटायर होते. इतकी वर्षं तिनं भिंगं आणि मोजमापाची यंत्रं सांभाळली, आता तिला काहीतरी जबरदस्त भेट द्यायची असं मी ठरवलं आहे. साडी, घड्याळ वगैरे बाबा बघतील. मी गाडी नवी करून देणार आहे. इंजिन अजून ठणठणीत आहे. सोळाशे सीसीचं ते इंजिन तुम्ही स्वतः कोल्हापुरात बसून जुळवून दिलं होतंत, आणि आई ती गाडी पुण्याहून इथपर्यंत चालवत आली होती. मी सात वर्षांचा होतो, मागच्या सीटवर. राजस्थानातल्या त्या सरळ रस्त्यावर तिचे हात स्टीअरिंगवर कसे होते ते मला अजून दिसतं. तेव्हापासून माझ्या लेखी जगातली सगळ्यात भारी ड्रायव्हर तीच.

तर माझा प्लॅन असा. सोळा इंची काळी अलॉय व्हील्स, त्यावर पातळ कडेचे रुंद टायर. स्प्रिंगा आखूड, म्हणजे गाडी दीड इंच खाली बसेल. शॉकॲब्सॉर्बर कडक. मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये बलकारजी म्हणून एक सरदारजी आहेत, ते काम करतील. त्यांचं म्हणणं, "कार ज़मीन नाल चिपक जाऊगी जी, फुल टशन." म्हणजे गाडी जमिनीला चिकटेल, एकदम रुबाबात. मला पण पटतंय, पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय पाना लावायचा नाही असं मी ठरवलं आहे. शर्यतीच्या गाड्या बांधणारा माणूस घरातच असताना मी यूट्यूबवर का भरवसा ठेवू?

उत्तर घरी नको, ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता पाकिटामागे लिहिला आहे.

तुमचा,
प्रणव

---

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
१७ सप्टेंबर २०२४

चि. प्रणव यास अनेक आशीर्वाद.

लेका, अक्षराला हसलो नाही. हसलो ते सोळा इंची काळ्या चाकांना. त्यावरून मी तुझ्या मामीला विचारलं, की आमच्या ताईला उद्या कुणी काळा गॉगल आणि लोंबती साखळी घालून प्रयोगशाळेत पाठवलं तर कशी दिसेल. कारण मात्र सांगितलं नाही, घाबरू नकोस.

तू आईला भारी ड्रायव्हर म्हणतोस, पण तुला निम्मंच माहीत आहे. उरलेलं ऐक. आमच्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, घाट लागला की उलटी व्हायची. एसटीत व्हायची, टॅक्सीत व्हायची, आणि माझ्या गाडीत तर हटकून व्हायची. गगनबावड्याच्या घाटात मी तिच्यासाठी इतक्यांदा गाडी थांबवली आहे की तिथली माकडं मला ओळखत असतील. ताई चालवायला बसली की हीच आई पहिल्या वळणाला झोपायची आणि घाट संपल्यावर विचारायची, आलं का गं. गाडी जुनी पद्मिनी, टायर गुळगुळीत. आणि ताई हळू चालवायची असं समजू नकोस. मी मागून मोटारसायकलवर असायचो, मला तिला गाठता यायचं नाही.

मी पुढे शर्यतीत कप मिळवले, पेपरात फोटो आले. पण वळणाच्या आधी गाडीला किती आधी सांगायचं हे मी तिच्याकडून शिकलो. तिनं कधी शर्यतीत नाव घातलं नाही, कारण तिला कुणाला हरवायचंच नव्हतं. असल्या माणसाच्या गाडीला हात लावायचा तर डोकं ताळ्यावर ठेवून लावायला हवा.

आता कामाचं. माझ्या कारखान्यात एक नियम होता. गाडी कोण चालवणार आणि त्याचं वजन किती, हे कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. गाडी रिकामी उभी करून मापं घेणारा मिस्त्री म्हणजे माणूस नसताना सदरा शिवणारा शिंपी. उजव्या सीटवर माणूस बसला की गाडी त्या बाजूला कलते, चाकांचे कोन बदलतात. म्हणून माझ्याकडे चालक स्वतः येऊन बसायचा. तो नसला तर तेवढ्याच वजनाची वाळूची पोती बसायची.

तेव्हा मला एवढं कळव: सपाट जागेवर उभ्या गाडीच्या चारी चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, रोजचा रस्ता कोणता, आणि चालकाचं वजन. आणि हो, चाकं घ्यायची घाई करू नकोस.

तुझा मामा,
अच्युत

---

चंडीगड
२९ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. आजीची गोष्ट वाचून ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकटाच हसलो. आईनं हे कधीच सांगितलं नव्हतं. ती स्वतःबद्दल सांगतेच कुठे?

मापं मागच्या पानावर आहेत. आई कामावर असताना टेप घेऊन बसलो आणि घेतली. मागची डावी बाजू बरीच बसली आहे. रोजचा रस्ता घर ते मोहाली, आणि शनिवार-रविवार कसौली. चालकाचं वजन चौऱ्याऐंशी किलो.

एक गुन्हा कबूल करतो. चाकं मी आधीच घेतली आहेत. ऑफिसातला क्षितिज त्याच्या गाडीची विकत होता, एकदम नवी, राहवलं नाही. काल एक लावून बघितलं. चार बोल्ट आहेत आणि चारी लागतात, शेवटचा जरा जोर लावल्यावर गेला. दिसायला तर अशी भन्नाट दिसते की विचारू नका.

आता स्प्रिंगांचं सांगा. दीड इंच पक्का करू?

तुमचा,
प्रणव

---

कोल्हापूर
८ ऑक्टोबर २०२४

चि. प्रणव,

हे पत्र हातात पडेल त्या दिवशी ते चाक काढ. जेवणं नंतर. तुझ्या मित्राच्या गाडीच्या बोल्टांचं वर्तुळ शंभर मिलिमीटरचं असणार, आपल्या गाडीचं अठ्ठ्याण्णवचं आहे. दोन मिलिमीटरनं काय होतंय असं तुला वाटेल. बोल्ट आत जातो, घट्टही वाटतो, पण तो वाकडा बसलेला असतो, आणि वेगात चाक थरथरायला लागतं. शेवटच्या बोल्टाला जोर लावावा लागला तिथेच गाडी तुला नाही म्हणत होती. चाकं मित्राला परत कर, शिव्या खाव्या लागल्या तर खा.

आता दुसरं, आणि हे मला जास्त टोचलं.

चौऱ्याऐंशी किलो कुणाचं वजन आहे? मागच्या वर्षी नात्यातल्या विश्वासच्या लग्नात मी ताईला पाहिलं. भरल्या साडीत ती साठाला टेकली तर खूप. तुझे बाबा, सुबोधराव, गाडी चालवत नाहीत, ते खिडकीवरचं हँडल धरून बसतात. म्हणजे हे वजन तुझं. रस्ताही तुझाच, कारण ताईची प्रयोगशाळा तुमच्या घराच्या पलीकडच्या गल्लीत आहे, तिला मोहालीला कशाला जायचंय? भेट तिला द्यायची म्हणतोस आणि गाडी स्वतःच्या मापानं शिवायला टाकतोस. तू लबाड नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून विचारतो. ताई गाडी का चालवत नाही?

सरळ लिही. माझ्या छातीत डॉक्टरांनी नळी बसवली म्हणून मी काचेचा झालेलो नाही.

अच्युत

---

चंडीगड
२० ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

चाक त्याच दिवशी काढलं. क्षितिजनं चारी परत घेतली, दोन दिवस बोलला नाही, आता बोलतो.

तुम्ही ओळखलंत. मला वाटलं होतं आकडा लिहिला की काम झालं.

मे महिन्यात आई ऑफिसातून बाजारात जायला निघाली होती. आमच्या सेक्टरजवळचा मोठा गोल चौक तुम्ही पाहिला आहे, चारी बाजूंनी गाड्या येतात. तिथे बरोबर मधे तिचा डावा गुडघा क्लचवर अडकला. वर येईना, खाली जाईना. गाडी बंद पडली. आईच्या हातून गाडी बंद पडली, मामा. मागून हॉर्न, कुणीतरी काच खाली करून "आंटी जी, घर बैठो" म्हणालं. एका पोलिसानं गाडी ढकलून कडेला घेतली. ती घरी चालत आली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पुरे आता."

जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नवा सांधा बसवला. तुम्हाला आम्ही सांगितलं ती प्रयोगशाळेच्या कामाला बेंगळुरूला गेली आहे. तुमची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती आणि तिनं मला शपथ घातली होती. तुम्ही मिळेल त्या गाडीनं निघून आला असतात, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणतात गाडी चालवायला काहीच हरकत नाही, काठीसुद्धा सोडा. ती काठी सोडत नाही. गाडी कव्हरखाली उभी आहे. मध्यंतरी ती बाबांना म्हणाली, विकून टाकू, उगाच जागा अडवते. ते ऐकल्यावर मला झोप लागली नाही. वाटलं, मी ती माझी करून घेतली, झकास सजवली, तर निदान घरात राहील. आईला खिडकीतून दिसेल. रिटायरमेंटची भेट म्हणजे एवढंच होतं. रागावू नका.

प्रणव

---

कोल्हापूर
४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणव,

काल भाऊबीज झाली. ताईचा फोन आला. मी ओरडून विचारलं तब्येत कशी आहे, तिनं ओरडून सांगितलं एकदम मस्त. तिनं विचारलं, तुझी छाती कशी आहे, मी सांगितलं दगडासारखी. भाऊ-बहीण दोघेही थापा मारण्यात तरबेज. फोन ठेवल्यावर मी कारखान्यात जाऊन बसलो. यंत्रं विकली तरी ती जागा मी ठेवली आहे. मला वाईट वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. तिचा गुडघा कापला गेला आणि मी इथे चकल्या खात होतो.

तुझ्यावर रागावलो नाही. तुला गाडी वाचवायची होती. पण गाडी ताईला द्यायची आहे, की ताईची आठवण म्हणून दारात उभी करायची आहे? आठवण म्हणून ठेवायची तर तुझी काळी चाकं लाव, मी अडवत नाही. चालवायची असेल तर ऐक.

गाडी दीड इंच खाली गेली की बसताना-उठताना गुडघा तेवढाच जास्त वाकणार. पातळ टायर आणि कडक शॉकॲब्सॉर्बर म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खडा तिच्या सांध्यात. तुझा सगळा बेत तिच्याच दुखऱ्या जागेवर पाय देत होता. तुझी चूक नाही, तू गाडी बघत होतास. आधी माणूस बघायचा, तोही बसलेला.

घरात अशी कुठली खुर्ची आहे की जिच्यावरून ताई हात न टेकता उठते? ती शोध. तिच्यावर ती बसलेली असताना दबलेल्या गादीसकट उंची घे. गाडीची उजवी सीट जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर आली पाहिजे. सीटखाली पट्ट्या टाकून ती वर घेता येते. मग क्लच. घासत आलेला क्लच जड होतो, आणि जड होताना रोज चालवणाऱ्याला कळतही नाही. बाथरूममधला वजनकाटा पेडलवर धर, पायानं दाब आणि काटा कुठे जातो ते बघ. मला वाटतं ताईच्या गुडघ्याइतकाच त्या क्लचचाही दोष असेल, आणि ती सगळा स्वतःच्या माथी घेऊन बसली आहे.

बाकी स्प्रिंगा कंपनीच्या मूळ उंचीच्या, चारही नव्या. शॉकॲब्सॉर्बर चांगले घे, पण मऊ. खालच्या सांध्यांतले सगळे रबरी बुश बदल. चाकं जुनीच चौदा इंची, घासून रंगवून, आणि त्यावर उत्तम टायर, एक माप रुंद. दिसायला काही बदललेलं वाटणार नाही. चालवणाऱ्याला सगळं बदललेलं कळेल. अंतर्वस्त्रं आणि सस्पेन्शन लोकांना दाखवायला नसतात.

चालकाच्या वजनाची जागा मी माझ्या आकड्यांत रिकामी ठेवली आहे.

मामा

---

चंडीगड
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण रोज संध्याकाळी मनीमाजऱ्यात होतो. डिसेंबरच्या धुक्यात बलकारजींच्या शेडमध्ये शेकोटीला बसून बुश निघताना बघितले. गाडी खाली नाही बसवायची म्हटल्यावर ते आधी खूप नाराज झाले. मग आईचं कारण सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तां पहलां दसदा," म्हणजे हे आधी नाही का सांगायचं, आणि नंतर सीटच्या पट्ट्या त्यांनी तीनदा काढून पुन्हा बसवल्या, त्यांच्या मनासारखं होईपर्यंत.

क्लचबद्दल तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं निघालं. जुना आणि नवा यांत इतका फरक आहे की मी नवा पहिल्यांदा दाबला तेव्हा वाटलं काही जोडायचं राहिलंय. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची, आईची भाजी निवडायची, तीच आपली खुर्ची निघाली. सीट आता बरोबर तेवढी आहे.

परवा आई रिटायर झाली. हार, भाषणं, सामोसे. घरी आली तेव्हा दारात गाडी कव्हरशिवाय उभी होती, धुतलेली. तिनं काठी टेकत एक फेरी मारली. टायरांवर हात फिरवला, वाकून आत बघितलं, दरवाजा उघडून पुन्हा लावला. माझ्याकडे बघून म्हणाली, छान केलीस रे. मी किल्ली पुढे केली. ती डाव्या बाजूला गेली आणि बसली.

"तू चालव," म्हणाली, "मी बघते."

सुखना तलावापर्यंत जाऊन आलो. बाबा मागे हँडल धरून. मामा, डावीकडे बसून, डोळे समोर ठेवून, तिनं मला सांगितलं की मागची डावी बाजू आता मागे रेंगाळत नाही, पुढचे बुश बदललेत आणि टायर एक माप रुंद आहेत. मी तिला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. असं शरीर ज्याच्याकडे आहे त्या माणसानं गाडी चालवायची नाही, हे मला सहन होत नाही. पण मी पुन्हा किल्ली दिली तेव्हा तिनं विषय बदलला. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारून पाहिलं. ती म्हणाली, मला त्या चौकाचा आवाज अजून ऐकू येतो.

यापुढे काय करायचं मला सुचत नाही. कुणी जबरदस्ती केली तर ती गाडी खरंच विकेल.

प्रणव

---

कोल्हापूर
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्रणव,

जबरदस्ती अजिबात नको. गाडी अजून पुरी झालेलीच नाही. चाकांचा कोन जुळवायचा राहिला आहे आणि तो रिकाम्या गाडीत जुळवायचा नाही, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

ताईला माझा निरोप दे, जसाच्या तसा. म्हणावं, मला सगळं कळलंय, गुडघाही कळलाय, त्याबद्दल भेटल्यावर भांडू. आत्ता फक्त एक मोजमाप अडलंय. गाडी तिच्या मापानं बांधली आहे, म्हणून अलाइनमेंट होत असताना उजव्या सीटवर तिचं वजन हवं. तिनं काही करायचं नाही. पोत्यासारखं बसायचं. वाळूची पोती ठेवता येतील, पण पोतं सगळं वजन सीटवर टाकतं आणि माणूस थोडं पायावर घेतो, म्हणून माणूसच बरा.

ती कुणालाही नाही म्हणेल, पण चुकीचं मोजमाप घ्या असं म्हणणार नाही. तेवढी मी माझ्या बहिणीला ओळखतो.

अच्युत

---

सेक्टर ३०, चंडीगड
२४ फेब्रुवारी २०२५

चि. अच्युत यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्याखालोखाल कानउघाडणी.

माझ्या मागे तुम्हा मामा-भाच्यांचं सप्टेंबरपासून पोस्टखातं चालू होतं ते मला नोव्हेंबरात कळलं. माझा मुलगा मी भाजी निवडत असताना टेप घेऊन खुर्चीच्या पायाशी बसला आणि म्हणाला, पेन पडलं. टेप त्यानं तिरका धरला होता आणि वरून वाकून वाचत होता. तो गेल्यावर मी नीट माप घेतलं, पाऊण सेंटिमीटरची चूक निघाली. दुसऱ्या दिवशी त्याच्यादेखत सुबोधरावांना सहज म्हटलं की ही खुर्ची अमुक उंचीची आहे, तशीच एक आणखी करून घेऊ. त्यानं लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं. बसलेल्या माणसाची मापं मागणारा एकच माणूस मला माहीत आहे, तेव्हा कशासाठी चाललंय ते मला कळत होतं. तरीही मी डावीकडे बसले. तुला सांगते, मला भीती वाटत होती, गुडघ्याची नव्हे. आयुष्यात एक गोष्ट मला न शिकवता येत होती. ती चौकात, सगळ्यांदेखत, माझ्या हातून गेली. ती परत मागायला गेले आणि मिळाली नाही तर काय, हे भय होतं.

तुझा निरोप प्रणवनं वाचून दाखवला. तुझी चाल मला पहिल्याच वाक्यात कळली. पण चूक काढायला गेले तर सापडेना, कारण तू लिहिलं होतंस ते खरं होतं. मोजायचं तर योग्य भार ठेवूनच मोजायला हवं, हे मी प्रयोगशाळेत कितीतरी पोरांना ओरडून सांगितलं आहे. मग गेले.

बलकारजींनी दार उघडून धरलं आणि मी बसले. अच्युत, त्या सीटवर बसताना गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटलं. काठी प्रणवकडे दिली, कारण ती पायात येत होती. ते लोक चाकांना आरसे लावून त्यांचं काम करत राहिले, मी पोत्यासारखी बसून होते, तुझ्या आज्ञेप्रमाणे. हात मांडीवर ठेवले होते. थोड्या वेळानं बघितलं तर ते स्टीअरिंगवर होते. डाव्या पायानं क्लच दाबून पाहिला. तो इतका हलका गेला की मी दचकले, आणि मग मला रडू आलं. इतके महिने मी माझ्या पायाला दोष देत होते. तो बिचारा घासलेल्या क्लचशी एकटा झगडत होता.

काम झालं. बलकारजी म्हणाले, "लो जी, हो गया, हुण काका गड्डी थल्ले लाह लऊगा." थल्ले म्हणजे खाली, आणि काका म्हणजे पंजाबीत पोरगा, आपला प्रणव. तो बिल द्यायला आत गेला होता. मी म्हटलं, मी बसलेच आहे तर मीच रॅम्पवरून खाली घेते.

खाली घेतली, आणि थांबले नाही.

मध्यमार्ग नावाच्या मोठ्या रस्त्यावर आले तेव्हा दुसरा गिअर कधी पडला आणि तिसरा कधी, मला आठवत नाही. एवढं आठवतं की गाडी माझं ऐकत होती, पूर्वीसारखं, सांगायच्या आधी. मऊ आहे पण लोळत नाही. तू इथे न येता, गाडीला हात न लावता, कागदावर हे केलंस. कोल्हापुरात तुझ्या कपांचं कौतुक करणाऱ्या लोकांना मी सांगेन की त्यांनी भलत्याच गोष्टीचं कौतुक केलं.

त्या चौकात गेले. गाड्या तशाच चारी बाजूंनी येत होत्या. आत शिरले आणि एक फेरी घेतली. मग आणखी एक घेतली. पहिली खात्रीसाठी होती, दुसरी हौसेसाठी. कुणी हॉर्न वाजवला असेल तर मला ऐकू आला नाही.

परत गेले तेव्हा प्रणव शेडच्या दारात, एका हातात माझी काठी आणि दुसऱ्या हातात बलकारजींनी दिलेला चहा घेऊन उभा होता. चहा गार झाला होता. मी काच खाली केली. त्यानं काठी मागच्या सीटवर टाकली आणि तो डाव्या बाजूला येऊन बसला. पुढच्या रविवारी मोरनीच्या डोंगरात जायचं ठरलं आहे. सुबोधरावांनी आत्तापासून मागचं हँडल नीट बसलंय का ते बघून ठेवलंय. उन्हाळ्यात तू आणि वहिनी या. घाटात तू झोपतोस का ते बघू.

तुझ्या आकड्यांत एक जागा रिकामी आहे म्हणे. लिहून घे: चालकाचं वजन अठ्ठावन्न किलो. मीच काट्यावर उभी राहिले होते. काठी नव्हती.

तुझी,
ताई